घरसभेत साक्ष आणि शास्त्राभ्यास: आधी काय?

सलाम. तुम्ही लिहिलंय की गुरुवारच्या घरसभेत साक्षींतच, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्यातच, तास जातो, अभ्यासाला जेमतेम दहा मिनिटं उरतात, एक भाऊ दर वेळी तीच साक्ष देतात आणि जन्मापासून ख्रिस्ती असलेले "आमची कसली साक्ष" म्हणून गप्प बसतात. इंदूरला आमच्या घरी बरीच वर्षं घरसभा भरते, त्यावरून सांगते.

क्रम बदला. आधी वचन वाचा, साक्ष त्यातून येऊ द्या. "आज कोण साक्ष देणार?" असं विचारलं की नेहमीचाच माणूस बोलतो. उतारा वाचून "यातलं तुमच्या आयुष्यात काय घडलंय?" असं विचारलं की दुसऱ्यांना बोलावंसं वाटतं. आमच्याकडे मार्कचा 5वा अध्याय चालू होता. बरा झालेला भूतग्रस्त येशूबरोबर राहू देण्याची विनंती करतो, आणि प्रभू त्याला नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. उतारा मराठीत वाचला, मग मुलांसाठी हिंदीत. जरा वेळाने, एरवी चहाचे कप उचलायलाच उठणाऱ्या एक काकू बोलल्या. "मी बायबल स्कूलचा फॉर्म भरला होता. सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि राहिलंच. प्रभूने मलाही घरीच पाठवलं. अजून कधीकधी वाईट वाटतं." एवढंच. कोणी घाईघाईने "पण देव भला आहे" म्हणून त्यावर झाकण घातलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. स्तोत्र 88 अंधारावरच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांची प्रार्थना अजून अडलेली आहे त्यांना हे स्तोत्र वाचायला द्या. त्यांचं बोलणंही साक्षच आहे.

पिढीजात ख्रिस्ती लोकांचा प्रश्न आपल्या गावात मोठा आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज काढलं ते 1887 साली. आपल्यातल्या कितीतरी घरांत पणजोबांपासून बायबल आहे. त्यांना वाटतं, दारू सुटली किंवा आजार बरा झाला तरच साक्ष होते. त्यांच्यापुढे 2 तीमथ्य 1:5 ठेवा: विश्वास आधी आजी लोईसमध्ये, मग आई युनीकेमध्ये, मग तीमथ्यात. "तुम्हाला प्रार्थना कोणी शिकवली?" एवढं विचारा आणि बघा किती ऐकायला मिळतं. पंडिता रमाबाईंचंही सांगा. त्यांचा बाप्तिस्मा 1883चा, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः नंतर काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. सगळ्यांना एकच तारीख सांगता येत नाही.

तीच साक्ष पुन्हा पुन्हा देणाऱ्या भावांना गप्प करू नका. त्यांच्याबरोबर प्रेषितांची कृत्ये 22 आणि 26 शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे पौल दिमिष्काच्या वाटेवर प्रभू कसा भेटला तीच गोष्ट सांगतो. यरुशलेमेच्या जमावापुढे, त्याला पुन्हा दृष्टी मिळाली ती ज्याच्याकरवी तो हनन्या नियमशास्त्र पाळणारा कसा होता ते आवर्जून सांगतो. अग्रिप्पा राजापुढे हनन्याचं नावही घेत नाही, पराणीवर (बैल हाकायच्या टोकदार काठीवर) लाथ मारण्याचं मात्र सांगतो. ऐकणारा बदलला, तसं सांगणं बदललं. मग त्या भावांना विचारा, "आजच्या उताऱ्यावरून तुमच्या साक्षीतला कोणता भाग आठवला?" तेवढाच भाग पाच मिनिटांत सांगतील, आणि त्यांनाही त्यात नवं काही सापडेल.

अभ्यास कोरडा होऊ देऊ नका, पण उतारा सोडूनही जाऊ नका. कोणी "मला असं वाटतं" म्हटलं की प्रेमाने विचारायचं, "कोणत्या वचनावरून?" आम्ही एका संध्याकाळी दहा-पंधरा वचनांपलीकडे जात नाही.

आणि घरसभेत सांगितलेलं "प्रार्थनाविनंती" म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही. आपला समाज लहान, रविवारच्या उपासनेआधीच ते घरोघरी पोचतं. टाकायचंच असेल तर त्या माणसाला विचारून, आणि तो म्हणेल तेवढंच. सुरुवातीच्या प्रार्थनेआधी हे स्पष्ट सांगा, आणि नवीन कोणी आलं असेल तर पुन्हा सांगा.