मारबतीच्या चित्रांवरून कापड कसं घडवावं?

तुम्ही विचारलंय की टेक्सटाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मिरवणुकीत निघणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्यांवर, घेतलाय, वीसेक चित्रं रंगवून झालीत, आता तीच कापडावर छापावीत की आणखी काही करावं.

एवढ्यात छापू नका. मारबतीचं चित्र कापडावर जसंच्या तसं उतरवलं तर ते अंगावर घेतलेलं पोस्टर होतं. चित्रांमधून आकृती नाही, रंगांचं नातं उचला.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीतल्या गल्ल्यांत काळी आणि पिवळी मारबत निघते, गच्च्यांवर माणसं लटकलेली असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर चालू असतो. शिकत असताना मीही हाच विषय घेतला होता. कागदावर काळ्याशेजारी पिवळा असा ठेवला की बघणाऱ्याची नजर हलू नये. मग उत्साहाने मागावर काळा ताणा (उभे धागे) चढवला, पिवळा बाणा (आडवे धागे) टाकला आणि साधी, एक धागा वर एक खाली अशी वीण विणली. हातभर कापड झाल्यावर दोन पावलं मागे सरकून पाहिलं, तर समोर पाण्याच्या टाकीतल्या शेवाळासारखा हिरवा! पिवळा कुठेच नाही. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

झालं असं होतं की कागदावर जे रंग शेजारी बसतात, ते साध्या विणीत एकमेकांत मिसळतात. बारीक धागे डोळ्याला सुटे दिसत नाहीत, तो त्यांची सरासरी काढतो. पिवळ्यात काळा कालवला की ऑलिव्ह हिरवा होतो, हे पॅलेटवर दोन मिनिटांत कळलं असतं. मी रंग शेजारी ठेवून पाहिले, मिसळून पाहिलेच नाहीत. म्हणून ताण्याचा आणि बाण्याचा रंग ठरवण्याआधी ते दोन्ही पोस्टर कलरमध्ये अर्धे-अर्धे मिसळा. साध्या विणीचं कापड लांबून साधारण तसं दिसेल. सुकू द्या मात्र, कारण फिके पोस्टर कलर सुकल्यावर थोडे गडद होतात आणि गडद थोडे फिके.

मग पिवळा पिवळाच कसा ठेवायचा? त्याचं उत्तर आपल्या विदर्भाच्या करवती साडीत आहे, आणि मला ते फार उशिरा दिसलं याचं अजून वाईट वाटतं. करवतीत तीन धोटे, म्हणजे बाण्याचा धागा नेणारी साधनं, चालतात: मधल्या टसर रेशमाच्या अंगाला एक आणि दोन्ही काठांना एकेक. काठाचा ताणा त्याच रंगाचा आणि बाणाही त्याच रंगाचा, म्हणून काठ भरीव आणि स्वच्छ दिसतो. अंग आणि काठ जिथे एकमेकांत अडकतात तिथे करवतीचे दाते उमटतात. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तो क्षण तुम्हाला पकडायचा असेल, तर याहून नेमकी रचना मला तरी ठाऊक नाही. एखाद्या विणकराच्या मागाशेजारी अर्धा दिवस नुसतं बसून या.

आता तुमच्या वीस चित्रांकडे वळा. जाड कागदात दोन इंचांची चौकट कापा आणि ती चित्रांवरून फिरवत जा. जिथे आकृती ओळखू येत नाही, पण रंग बोलतात, तिथे थांबा. त्या चौकटीत कुठला रंग किती आहे ते पट्ट्यांमध्ये रंगवा. मग पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्याच प्रमाणात धागे गुंडाळा. माझ्या मते प्रकल्पाचा खरा जीव या पट्ट्यांमध्ये असतो, कारण तोच पिवळा निम्म्या जागेत उत्सव वाटतो आणि एका धाग्यापुरता उरला की धोक्याची खूण. दहा-पंधरा पट्ट्या तरी करा.

शेजारचा रंग काय करतो तेही बघा. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली होती. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर काळ्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून तुमचा काळा निळ्याशेजारी, पिवळ्याशेजारी आणि टसरच्या मूळ रंगाशेजारी वेगवेगळा रंगवून बघा.

छपाईच करायची असेल तर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये साधारण रंगागणिक एक स्क्रीन लागतो, तेव्हा चार रंगांत भागवा.

आणि नागपूरच्या गांधीबाग बाजारात धागा घ्यायला जाल तेव्हा रंगवलेली पट्टी सोबत न्या, दिवसाउजेडी जा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला पिवळा बाहेर उन्हात हिरवट निघू शकतो. लडी उचला, दुकानदारकाकांना सांगून दारापर्यंत या आणि पट्टी उन्हात धरून मगच पैसे द्या.