जुन्या स्टॅन्ली रंध्याचे सुटे भाग कुठे मिळतील?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: आजोबांचा स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीचा ५ नंबरचा लोखंडी रंधा आहे, त्यावर 'मेड इन यूएसए' अशी ओतीव अक्षरं आहेत. पातं खालीवर करायचा पितळी नट हरवलाय, मागची मूठ दुभंगलीय आणि दुकानदार म्हणतात, "याचे पार्ट आता येत नाहीत."

आधी एक विनंती. हाताला लागेल तो बोल्ट त्यात पिळून बघू नका. मुठीतून तळात उतरणारा लांब बोल्ट १२ नंबरचा असतो, जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर आणि इंचाला २० आटे. हे माप आपल्या मिलिमीटरच्या बोल्टांत बसतच नाही. मी एकदा एम ६ चा बोल्ट तेल लावून पान्याने रेटला. तळाच्या बिडातले आटे सोलून निघाले. तो रंधा आता माझ्याकडे सुट्या भागांचं कोठार म्हणून पडून आहे.

खरं तर असं कोठारच तुम्ही शोधायला हवं. नुसता नट विचारत फिरलात तर कोणी दाद देणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात तळाला तडा गेलेला, गंजलेला, पातं नसलेला रंधा शोधा. विकणाऱ्याच्या लेखी ते भंगार. स्टॅन्लीच्या ३ पासून ८ नंबरपर्यंत हा पितळी नट आणि लिव्हर कॅपचा, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचा, स्क्रू सहसा एकच असतो, म्हणजे मेलेला ४ नंबरही चालेल. ४ आणि ५ चं पातंही एकाच रुंदीचं, २ इंची. शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीने स्टॅन्लीचेच नंबर पुढे शून्य लावून घेतले. त्यामुळे ०४, ०५ दिसला तर त्याचं पातं नि:शंक घ्या, स्क्रू मात्र लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो भाग, शक्यतो बदलूच नका. त्याची बैठक काळाप्रमाणे बदलत गेली आहे.

नट मिळालाच नाही तर लेथवाल्याकडे जा. जाताना रंधाच घेऊन जा, कागदावर माप नको. आटे ९/३२ इंच व्यासावर, इंचाला २४, आणि डावे, म्हणजे नेहमीच्या उलट फिरणारे. 'डावे' हे दोनदा सांगा. माझ्या टर्नरने पहिला नट सवयीने उजवाच करून दिला होता! या मापाचा डावा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, बाजारात मिळणं अवघड, म्हणून आटे लेथवरच पाडावे लागतात. एका नटासाठी कुरकूर होईल. दोन-तीन एकदम करून घ्या.

मूठ घरीच करा. शिसवाचा तुकडा उत्तम, सागवानही चालतं. तुटलेले भाग जोडून आकार काढून घ्या, पण ठोकळा चौकोनी असतानाच बोल्टचं तिरकं भोक पाडा आणि मग आकार द्या. आधी आकार देऊन मागाहून भोक पाडायला गेलं की ड्रिल भलतीकडूनच बाहेर येतं.

पातं बदलायचं मनात असेल तर फार जाड घेऊ नका. मूळचं जेमतेम २ मिलिमीटरचं असतं. तीनच्या वरचं घेतलं तर रंध्याचं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती तळातली फट, कानसून रुंद करावं लागतं आणि पातं सरकवणारी कडी कॅप आयर्नच्या, म्हणजे पात्यावर बसवलेल्या पट्टीच्या, खाचेपर्यंत नीट पोचत नाही.

तोवर काम अडलं असेल तर नटाशिवायही चालवता येईल. लिव्हर कॅप बेताची आवळा आणि लहान हातोडीने पातं टिचक्या मारत पुढे घ्या. आपले सुतार लाकडी रंध्याचं पातं असंच तर लावतात.