सायकलसफर : पायांआधी पोट तयार करा

चवथ सरली, पाऊस ओसरू लागला की लांबच्या सफरींचे बेत शिजू लागतात. या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न डिसेंबर-जानेवारीतल्या सफरींचे आहेत. सायकल कुठली घ्यावी, हे यात कुणीच विचारलेलं नाही. चांगलं लक्षण आहे.

प्रश्न (साखळी) : वय ४२, पणजीत बैठं काम. मधल्या वारी दोनदा २० किलोमीटर आणि रविवारी ४० किलोमीटर चालवतो. जानेवारीत पणजी ते कन्याकुमारी जायचं आहे, बारा दिवस, रोज साधारण ९० किलोमीटर. हातात चौदा आठवडे आहेत. जमेल का?

जमेल. पण एका दिवसात ९० किलोमीटर मारणं वेगळं आणि ते मारून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसणं वेगळं. तयारी या दुसऱ्या गोष्टीची करायची आहे.

रविवारची फेरी पहिले तीन आठवडे ४०, ४५, ५० अशी वाढवा आणि चौथ्या आठवड्यात परत ४० वर या. मग ५५, ६२, ७० आणि आठव्या आठवड्यात ५०. हा चौथा हलका आठवडा गाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण स्नायू महिन्याभरात तयार होतात, गुडघ्याभोवतालचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, त्याहून सावकाश. विश्रांती त्यांच्यासाठी असते.

नवव्या आठवड्यापासून मधल्या वारची एक फेरी काढून शनिवार-रविवार जोडून चालवा. नववा आठवडा ७५ आणि ३५, दहावा ८० आणि ५०, अकराव्यात एकच ६० ची फेरी, आणि बाराव्यात ९० आणि ८०, तेही सफरीचं पूर्ण सामान लादून. या रविवारी सकाळी जे दुखेल तेच सफरीत दुखणार आहे, तेव्हा ते आत्ताच कळू द्या. तेराव्या आठवड्यात ५० पुरे. चौदाव्यात तासाभराच्या दोन संथ फेऱ्या. शेवटच्या आठवड्यात ‘राहिलेलं’ भरून काढायला जाऊ नका, त्याचा फायदा सफर संपल्यावर होईल.

लांब फेरीत वेग असा ठेवा की शेजारच्याशी सलग वाक्यात बोलता येईल. पेडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९०. पंधरा दिवसांतून एकदा मधल्या वारी चढ घ्या. तुम्हांला तो दारातच आहे. केरी, अंजुणे धरण आणि पुढे चोर्ला घाट. आठ-दहा मिनिटं बसूनच चढायचं, तीन-चार शब्द कसेबसे बोलता येतील इतक्या जोरात, मग सावकाश उतरून पुन्हा वर. अशा चार फेऱ्या. त्याहून जास्त चढाची तुम्हांला गरज नाही. तुमच्या वाटेवर काणकोणच्या अलीकडचा करमळ घाट सोडला तर चोर्ल्यासारखं काही लागत नाही. लागतात ते लहान लहान चढउतार, आणि ते दिवसभर.

किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे हलके असतात, दुपारी खारे वारे जोर धरतात. उजाडताच निघा आणि ११ च्या आत ६० किलोमीटर उरका. अंधारात महामार्गावर उतरू नका. बारा दिवसांत एक पूर्ण सुट्टी ठेवता आली तर ती सातव्या दिवशी घ्या.

प्रश्न (मडगाव) : चहा-बिस्किटं घेऊन पहाटे निघतो. दोन तास छान जातात, मग एकाएकी पाय गळतात, हात थरथरतात, चिडचिड होते. सराव कमी पडतो का?

सराव नव्हे, न्याहारी कमी पडते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा साठा असतो. रात्रभराच्या झोपेत यकृतातला बराच वापरला जातो. बऱ्यापैकी वेगाने दोन तास चालवलं की उरलेलाही तळाला जातो, आणि तुम्ही लिहिलंय तेच होतं. एकदा ही गत झाली की खाल्लेलं रक्तात उतरेपर्यंत वीसेक मिनिटं जातात. म्हणून भूक लागायची वाट पाहायची नाही. निघाल्यापासून अर्ध्या तासाने पहिला घास.

दीड तासाच्या आतल्या फेरीला वाटेत काही लागत नाही. त्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. हिशेब सोपा आहे. एक मध्यम केळं, तीन-चार खजूर किंवा २५ ग्रॅम गूळ, यांतलं काहीही एक म्हणजे २० ते २५ ग्रॅम. तासाला असे दोन वाटे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) उरल्या असतील तर त्या घरीच खा. तळलेलं आणि खोबऱ्याचं सारण चालत्या सायकलवर पोटात दगडासारखं बसतं.

निघण्याआधी पाऊण तास दोन पाव, जॅम किंवा मध लावून. इथे पोईपेक्षा साधा पाव बरा, कारण पोईतला कोंडा रात्रीच्या जेवणाला छान, पण पेडल मारताना आतड्याला जड. भाजीपाव चाळीसेक किलोमीटर झाल्यावर पहिल्या मोठ्या थांब्यावर घ्या, सोबतची मिरची मित्राला द्या. ज्यांना सकाळी घन काही जात नाही त्यांनी उकड्या तांदळाची पेज घ्यावी, मीठ घालून. पाणी, मीठ आणि पिष्ट एका वाडग्यात येतं. बाजारातल्या महागड्या एनर्जी जेलमध्ये याहून वेगळं काही नसतं, फक्त ते खिशात मावतं.

मुक्कामी पोचल्यावर तासाभराच्या आत वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम प्रथिनं. ७० किलोच्या माणसाला २५० ग्रॅम शिजलेला भात आणि १०० ग्रॅम बांगडा. म्हणजे हुमण-शीत (माशाची आमटी आणि भात), दुसरं काय! उद्याचं इंधन याच जेवणात भरलं जातं. आंघोळ, फोटो, फोन यांत दोन तास घालवून मग जेवणाऱ्यांचे पाय तिसऱ्या दिवशी जड पडतात.

आणि हे सगळं सफरीत पहिल्यांदा करू नका. चालत्या सायकलवर पचवायची सवय आतड्यालाही लावावी लागते. तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करून सहा-सात आठवड्यांत ५० ते ६० पर्यंत जा.

प्रश्न (काणकोण) : भरपूर पाणी पितो, तरी ७० किलोमीटरनंतर पोटरीत गोळे येतात. शहाळ्याचं पाणी चालेल का?

आधी ‘भरपूर’ म्हणजे किती ते मोजा. लघवी करून, कमी कपड्यांत वजन करा, तासभर नेहमीच्या वेगाने चालवा, अंग पुसून परत वजन करा. ७० चे ६९.५ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, म्हणजे घाम तासाला एक लिटर. आपल्याकडची हवा दमट. घाम सुकत नाही, नुसता टपकतो, अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम सोडतं. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका, स्वतःचा काढा. एक लिटर घाम असेल तर तासाला ७०० मिलिलिटर प्या, दर पंधरा मिनिटांनी मोठे घोट. दिवसअखेर वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं तर पाणी कमी पडलं. वाढलं तर जास्त झालं, आणि तेही धोक्याचं. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पितो.

एका बाटलीत साधं पाणी ठेवा, दुसरीत हे मिश्रण : एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ (चहाचा चमचा, साधारण दीड ग्रॅम), एक लिंबू. आलटून पालटून प्या. वरून तासाला एक केळं खाल्लं की कर्बोदकांचा हिशेबही जुळतो. गूळ घातलात तर उन्हात दुपारपर्यंत आंबतो. ओआरएसची पुडी जुलाबासाठी ठेवा. लिटरमागे त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यावर सायकल चालत नाही.

शहाळं जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. त्यामुळे शहाळ्यासोबत काहीतरी खारट खा. दुपारच्या जेवणात फुटी कढी (नारळाच्या रसाशिवायची सोलकढी) दोन वाट्या घेतली तरी काम होतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पोटरीतल्या गोळ्यांचं खापर सगळं मिठावर फोडू नका. थकलेल्या स्नायूला जड गिअरमध्ये रेटलं की तो आखडतो. ७० किलोमीटरनंतरच येतात म्हणजे तुमची लांब फेरी बहुधा तेवढीच आहे.

प्रश्न (फोंडा) : मी पूर्ण शिवराक (शाकाहारी). वजन ५८ किलो. प्रथिनांची पावडर घ्यावीच लागेल का?

नाही. सफरीच्या काळात किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतील. दोन वेळा अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) किंवा मुगाचं तोणाक (रस्सा), दोन पेले दूध, वाटीभर दही, १०० ग्रॅम पनीर आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात बरंचसं भागतं. उरलेलं भात-पावातून येतं. पावडरीपेक्षा हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी आधी करून घ्या. बायकांचा थकवा पुष्कळदा तिथून येतो.

प्रश्न (म्हापसा) : ५० किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं आणि करंगळी बधिर होते.

पुढून दुखणारा गुडघा म्हणजे बहुधा खाली असलेली सीट. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच वर घ्या आणि दोन फेऱ्या चालवून बघा. गुडघा मागून दुखू लागला तर जास्त वर गेली. सामान लादल्यावर पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढी किंवा लहान हवी, उदाहरणार्थ पुढे ३० दाते आणि मागे ३४.

करंगळी आणि अनामिका बधिर होते ती तळहाताच्या कडेची नस दबल्याने. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सगळा भार हातांवर येतो. आधी ती सपाट करा, मग हँडल दोनेक सेंटिमीटर वर घ्या. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला.

सीटबद्दल बोलतोच आहोत तर : पॅडची चड्डी आतल्या चड्डीशिवाय घालायची, कातडीला पेट्रोलियम जेली लावायची आणि रोज धुतलेलीच वापरायची. आपल्या हवेत ती रात्रभरात वाळत नाही. धुऊन कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा, मग पंख्याखाली टाका. तरीही तीन नगच न्या.

प्रश्न (डिचोली) : मुक्कामी एखादी बिअर चालेल ना?

जेवण आणि लिटरभर पाणी झाल्यावर एक. रिकाम्या पोटी नको, आणि उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) तर सफर आटोपल्यावरच. दारूने झोप तुटते, लघवी वाढते आणि दुसऱ्या सकाळी निघायला उशीर होतो. तो तास मग उन्हात भरून काढावा लागतो.