सुट्टीत मुलांना टाकाऊ सामानातून अंगावर घालायच्या वस्तू डिझाइन करायला कसं शिकवायचं?

तुम्ही विचारलंय की गल्लीतली १५-१६ पोरं आहेत, ८ ते १३ वयाची, मे महिन्यात आठ दिवस त्यांना घरातल्या सामानातून अंगावर घालता येईल असं काहीतरी बनवायला शिकवायचंय, तुम्हाला स्वतःला क्राफ्ट फारसं येत नाही, तर सुरुवात कुठून करू. मी बेळगावात वडगावला राहते, ब्लाऊज शिवते, टीचर वगैरे नाही खरं (आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं, टाइप करतानाही जात नाही) गेली सहा वर्षं सुट्टीत दुकानाच्या वरच्या खोलीत हेच उद्योग करते म्हणून लिहिते.

पहिले दोन दिवस फेविकॉल, ग्लू गन, सेलोटेप सगळं कपाटात कुलूप लावून ठेवा. हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी एका शाळेच्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून बाटल्यांची झाकणं, लग्नपत्रिका, चमचमते कागद सगळं चिकटवून मस्त ड्रेस करून घेतले. आता आमचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल, जुलै-ऑगस्टमध्ये चड्डी-बनियन तीन दिवस वाळत नाही तिथं फेविकॉल काय वाळणार. स्टेजवर चढायच्या आधीच एक बारकी पोरगी रडकुंडीला येऊन म्हणते, "आक्का, सुटुलाय की हे सगळं!" आणि जिचं सुटलं नाही तिला दोन तास खाली बसताच आलं नाही कारण मागं सगळी कडक झाकणं. त्या दिवशी कळलं की आपण मुलांना नुसतं चिकटवायला शिकवलं, एक वस्तू दुसरीला कशी धरते ते शिकवलंच नाही.

गोंद नसला की पोरं डोकं चालवतात. गाठ मारतात, ओवतात, घडीत घडी अडकवतात, चीर पाडून दुसरा तुकडा त्यातनं आरपार काढतात. माझ्या आजीची पळसाच्या पानांची पत्रावळ आठवते, नुसत्या काड्यांनी टाचलेली, गोंद कुठं होता त्यात? आणि पॅको राबान नावाच्या फॅशन डिझायनरनं १९६६ साली पॅरिसमध्ये प्लास्टिक आणि धातूच्या चकत्यांचे ड्रेस केले तेव्हा सुईदोरा न वापरता चकत्यांना भोकं पाडून कड्यांनी एकमेकांत अडकवल्या, पकड वापरून. हे मुलांना सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं, विशेषतः पकड.

पहिला तास असा घ्या. प्रत्येकाला पेपरची दोन पानं आणि हातभर सुतळी, बाकी काही नाही. फक्त खांद्यावर किंवा कोपरावर बसेल असं काहीतरी करा म्हणायचं. ड्रेस हा शब्दच काढू नका, काढला की सगळ्या मुली राजकन्येचा फ्रॉक सुरू करतात आणि मुलगे उठून खाली क्रिकेटला जातात. आधी कागद फाडून बघायला लावा, उभा फाडला की सरळ पट्टी निघते, आडवा फाडला की वाकडातिकडा जातो, कारण पेपरच्या कागदातले तंतू बहुतेक उभे असतात. मी लगेच कापडाचा तुकडा देते, बघा याला पण उभा धागा आडवा धागा आहे की नाही. वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्या घरातली पोरं असली तर तीच मला शिकवायला लागतात, आणि मी शिकवू देते. मग पंख्यासारख्या चुण्या घालायच्या. सपाट कागद खांद्यावर बसत नाही, चुण्या घातल्या की बसतो. ही एकच गोष्ट पहिल्या दिवशी समजली तरी पैसे वसूल, म्हणजे मी पैसे घेत नाही ते सोडा.

जे बनेल ते घालून चालायचं, मांडी घालून बसायचं, दोन्ही हात वर करायचे, जिना चढून उतरायचं. जिथं फाटतं तिथं का फाटलं ते पोरानं स्वतः सांगायचं, आपण सांगायचं नाही, तोंडावर बोट ठेवून बसा. टेलरिंगमध्ये पण हेच, काखेत आणि कोपरात ज्याला जमलं त्याला सगळं जमलं.

पुठ्ठ्याचं एक गुपित आहे. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नळ्या नळ्या असतात ना, त्या उभ्या राहतील असा पट्टा कापला तर तो कमरेभोवती गोल वळतो, आडव्या ठेवल्या तर कचकन मोडतो. दुधाच्या पिशव्या साबणानं धुऊन वाळवा (नाही धुतल्या तर तिसऱ्या दिवशी वासानंच क्लास बंद पडेल), वरची खालची शिवण कापून टाका, उरलेल्या नळीच्या बोटभर रुंदीच्या कड्या कापा आणि रबरबँडसारख्या एकातनं एक ओढा, लांबच लांब दोरी तयार, मग तिची वेणी घाला नाहीतर विणा. टेलरकडच्या चिंध्या फुकट मिळतात, आम्हीच शोधत असतो कोण नेईल. थर्मोकोल आणू नका, डेकोरेशनच्या थर्मोकोलवर २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदी आहे आणि तसाही त्याचा भुगा महिनाभर घरातनं जात नाही.

मुलगे टिकत नसतील तर चिलखत करायला द्या. आमच्याकडे शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक वैशाखात असते, नेमकी सुट्टीत, त्यामुळं प्रत्येकाला मावळा व्हायचंच असतं. एकानं मागच्या वर्षी सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन चकत्या करून ओवून असं बाहूचं कवच केलं की मी घरी ठेवून घेतलंय, परत देणार नाही.

चित्र आधी काढायला लावू नका. चित्रात सगळं समोरनंच दिसतं, पाठ नसतेच. वस्तू झाली की मग चित्र काढून घ्या, पुढनं एक मागनं एक. फोटो-व्हिडिओ पण शेवटच्या दोन दिवसांत दाखवा, न्यूझीलंडला 'वर्ल्ड ऑफ वेअरेबलआर्ट' म्हणून मोठी स्पर्धा असते, १९८७ मध्ये नेल्सन गावात सुरू झाली आणि २००५ पासून वेलिंग्टनला होते, त्याचे फोटो बघून पोरं वेडी होतात. खरं आधी दाखवले तर सगळी तेच कॉपी करतात. घरचीच उदाहरणं आधी द्या की, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, लग्नातलं बाशिंग, बैलांच्या शिंगांचे गोंडे.

जपायचं म्हणजे गळ्यात पक्की गाठ नको, ओढलं की सुटेल अशीच हवी. तोंडावर प्लास्टिक अजिबात नाही. डोक्यावरच्या वस्तूनं डोळे झाकायचे नाहीत. ग्लू गन शेवटी शेवटी काढलीत तर ती तुमच्याच हातात, आणि आयांना खोलीत घेऊ नका, त्या पोराच्या हातातनं काढून स्वतः करायला लागतात, मी माझ्या जावेला दोनदा बाहेर काढलंय.

कात्र्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या, माझी दर बॅचला एक तरी जाते.