ओसाड बेट की निर्जन बेट?

प्रश्न असा आला आहे: 'फ्रेंचांनी १७७० साली सेशेल्सच्या ओसाड बेटांवर वसाहत केली' या वाक्यात 'ओसाड' बरोबर आहे का, की 'निर्जन' हवं?

'निर्जन' हवं, आणि माझ्या मते हा फरक सोडून देण्यासारखा नाही. 'ओसाड' म्हटलं की आधी तिथे कुणीतरी राहत होतं, हे गृहीत असतं. गाव ओस पडतं, वाडा ओस पडतो. 'ओसाड गावची पाटिलकी' म्हणतो तेव्हा गाव असतं, माणसं गेलेली असतात, मानपान तेवढा उरलेला असतो. जमिनीला ओसाड म्हणताना आणखी एक छटा येते, की इथे कुणी कसत नाही, काही पिकत नाही.

सेशेल्सला यातलं काहीच लागू पडत नाही. १६०९ मध्ये इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज तिथे थांबलं, तेव्हा खलाशांना माणूस दिसला नाही, पण गोडं पाणी, नारळ, भली मोठी कासवं आणि मगरी मुबलक दिसल्या. पुढे मॉरिशसचा फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने लाझार पिको याला पाहणीसाठी धाडलं. १७४२ मध्ये पिकोने तिथल्या सर्वांत मोठ्या बेटाला नाव दिलं त्याचा अर्थच 'समृद्धीचं बेट'. (१७४४ मध्ये त्यानेच ते बदलून 'माहे' केलं, केरळच्या किनाऱ्यावरच्या माहेशी गल्लत करू नये.) अशा हिरव्यागार बेटाला ओसाड कसं म्हणायचं?

प्रश्नात विचारलेलं नाही, पण त्याच वाक्यातलं 'वसाहत'ही मला खटकतं. १७५६ मध्ये कॅप्टन मॉर्फीने माहेवर राजचिन्हाचा दगड रोवून फ्रान्सच्या राजाच्या नावाने ताबा घेतला. तो ताबा झाला. माणसं राहायला आली ती चौदा वर्षांनी, ऑगस्ट १७७० मध्ये, आणि तीही माहेवर नव्हे, तर समोरच्या चिमुकल्या सँत-आन बेटावर. सगळी मिळून २८ जणं: १५ गोरे, ७ गुलाम, ५ हिंदी आणि एक आफ्रिकी स्त्री. एवढ्याशा मुक्कामाला मी 'वस्ती' म्हणेन. 'वसाहत' शब्दात राज्यकारभार येतो, आणि कारभारी म्हणावा असा अधिकारी तिथे आला तो १७७८ मध्ये, १५ शिपाई घेऊन. शिवाय 'फ्रेंचांनी वस्ती केली' म्हटलं की उरलेली तेरा माणसं वाक्याबाहेर पडतात. कर्ता फ्रेंच ठेवायचाच असेल, तर 'वसवली' म्हणावं. वसवणारा एक आणि राहणारे, राबणारे अनेक, हे त्या क्रियापदात मावतं.

दोन वर्षांतच, १७७२ मध्ये, ती वस्ती मोडली. काही जण माहेवर गेले, काही परतले. इथे मात्र 'ओस' नेमका बसतो: सँत-आनची वस्ती ओस पडली.

'उजाड'ही याच इतिहासात एका जागी शोभतो. मसाल्याच्या व्यापारावरची डचांची पकड सैल करायची, या ध्यासाने मॉरिशसचा फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याने माहेवर जायफळ, लवंग, मिरी, दालचिनीची बाग लावायला आंत्वान झियो याला पाठवलं होतं. १७८० मध्ये एक जहाज दिसलं, ते इंग्रजांचं समजून बाग त्यांच्या हाती पडू नये म्हणून जाळून टाकली. जहाज फ्रेंचच निघालं! बाग उजाड झाली. दालचिनी तेवढी तगली आणि बेटभर रानटी वाढली.

तेव्हा वाक्य असं करा: 'फ्रेंचांनी १७७० साली सेशेल्सच्या निर्जन बेटांपैकी सँत-आनवर पहिली वस्ती वसवली.' मॉरिशसबद्दल लिहिताना हिशेब वेगळा होईल. डच १७१० मध्ये तिथून निघून गेले आणि फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा घेतला. मधल्या पाच वर्षांत डचांची ठाणी ओस पडलेली होती, असं खुशाल लिहा.