वाचक विचारतात : जमीनच जळते तेव्हा

प्रश्न : इंडोनेशियातल्या वणव्यांत ‘जमीन आठवडेच्या आठवडे धुमसते’ असं वाचलं. जमीन कशी जळेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : जळतं ते पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा थर. साचलेल्या पाण्यात हवा पोहोचत नाही, म्हणून गळलेली पानं, मुळं, ओंडके पुरते कुजत नाहीत. त्यांचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो आणि काही हजार वर्षांत कित्येक मीटर जाड होतो. ओलं पीट सहसा पेटत नाही, कारण त्यात बहुतांश पाणीच असतं. खरा घात हे पाणी काढून नेणाऱ्या कालव्यांनी होतो.

बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतात इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने १९९५ मध्ये दहा लाख हेक्टरांवर भातशेती करायचं ठरवलं. जंगल तोडलं, हजारो किलोमीटर कालवे खणले. त्या आम्ल, निकस थरात भात पिकला नाही. १९९९ मध्ये योजना गुंडाळली, पण कालवे पाणी ओढतच राहिले. १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात हा भाग भीषण पेटला, २०१५ मध्ये पुन्हा.

पाणी उतरलं की थरात हवा शिरते, सूक्ष्मजीव तो कुजवतात आणि आग लागली नाही तरी कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. जमीनही खचते: पहिल्या पाच वर्षांत मीटरभर किंवा जास्त, नंतर वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. मग नदीकाठी, किनाऱ्याजवळ पूर येऊ लागतात. आग मात्र मुळांच्या कडेने आतल्या आत सरकते, ज्वाळा दिसत नाही. वरून ओतलेलं पाणी खाली पोहोचत नाही; नळी थरात खुपसून चिखल होईपर्यंत पाणी भरावं लागतं. बहुतेकदा ती विझवतो पाऊसच.

प्रश्न : तिथे पुन्हा झाडं लावली तर भरपाई होईल ना?

उत्तर : आधी पाणी, मग झाडं. पाणी अडवायला कालव्यात लाकडी खांबांच्या दोन रांगा ठोकून मध्ये मातीची पोती भरतात. एकच उंच बांध घातला की पाणी पीटमधून बाजूने वाट काढतं आणि बांध वाहून जातो. म्हणून ठेंगण्या बांधांची उतरंड लागते, आणि प्रत्येकावर जादा पाण्याला सांडवा. इंडोनेशियाच्या नियमानुसार लागवडीतही पाणी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही. त्यानेही कुजणं फक्त मंदावतं, थांबत नाही. ते थांबवायचं तर पाणी जवळजवळ पृष्ठभागापर्यंत हवं. लागवडीला जेलुतुंग, बालांगेरान अशी दलदलीतलीच झाडं घ्यावीत. कागदाच्या लगद्यासाठी लावतात त्या अकेशियासाठी पुन्हा निचरा करावा लागतो, म्हणजे मूळ दुखणं कायम. खचलेली जमीन तर आपल्या हयातीत वर येणार नाही. म्हणूनच शाबूत दलदल राखण्याला तोड नाही.

प्रश्न : कुंड्यांसाठी पीटमॉस वापरावं का?

उत्तर : नको. तेही पीटच; ते कॅनडा, बाल्टिक देशांतल्या दलदली उकरून येतं. नारळाच्या सोडणाचं कोकोपीट घ्या. त्यात क्षार असू शकतात, तेव्हा दोन-तीनदा भिजवून पाणी फेका, मग एक भाग कोकोपीट, एक भाग कंपोस्ट, एक भाग माती.