किल्लारीचा भूकंप आठवताना देवाचे आभार मानावेत का?

तुम्ही विचारलंय की 30 सप्टेंबर, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाचा दिवस, आला की ‘देवाच्या कृपेने आम्ही वाचलो’ असं वाचून राग येतो. मग जे गेले त्यांच्यावर कृपा नव्हती का? आणि तसं असेल तर हा दिवस श्रद्धेने, कृतज्ञतेने आठवायचा तरी कसा?

मी लातूर जिल्ह्यातला. राग रास्तच आहे. पण घरातली सगळी गेली आणि एकटा मागे राहिला, असा माणूस ‘देवाने वाचवलं’ म्हणतो तेव्हा तो कुणाचा हिशेब मांडत नसतो. आपणच का उरलो, हे त्याला कळत नसतं, एवढंच. त्याच्याशी वाद घालू नये. लांबच्या कुणी तेच वाक्य फुलांच्या चित्रावर छापून फिरवलं तर मात्र मलाही खटकतं.

1993 साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गावं झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. ‘विसर्जनात काही चुकलं असेल’ ही कुजबूज मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. ती श्रद्धा नव्हे. माणसं गेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, त्यावर मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरं झोपलेल्या माणसांवर आली. नकाशावर आपला भाग तेव्हा भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता, आणि आदल्याच वर्षी किल्लारीला हादरे बसले होते. लातूर-उस्मानाबादची 52 गावं जमीनदोस्त झाली. यात देवाचा कोप शोधला की माळवदाचं वजन कुणी विचारत नाही.

मग श्रद्धेला जागा कुठे? माझ्या मते पितृपक्षात. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी तो लागला होता. ढिगारे उपसणं चालू, वरून पाऊस, सरणाला लाकूड नाही, तिथे श्राद्ध कोण घालणार? काही घरांत तर पाणी सोडायलाही कुणी उरलं नव्हतं. आपल्या परंपरेने याची सोय आधीच करून ठेवली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. अपघाती मरण आलेल्यांसाठी वद्य चतुर्दशी आहे, तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री आहे, आणि ज्यांचं आपलं काही नातं नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड आहे. तर्पणात तर ‘जे माझे बांधव नाहीत त्यांनाही’ असं म्हणूनच पाणी सोडतात. घरच्या श्राद्धात किल्लारी आणि सास्तूर या भूकंपात पडलेल्या गावांच्या लोकांसाठी असं पाणी सोडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. जात विचारावी लागत नाही, नावही ठाऊक असावं लागत नाही. मरण का आलं याचं उत्तर त्यात मिळत नाही, पण मागे कुणी नाही म्हणून कुणाला विसरायचं नाही, एवढं तरी त्यात पाळलं जातं.

कृतज्ञतेचं म्हणाल तर ती भूकंपाबद्दल नसतेच. ‘त्यामुळे पक्की घरं मिळाली’ असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. उपकार माणसांचे आहेत. कुजलेल्या वासात दिवसरात्र राबलेले जवान, भाकऱ्या बांधून पाठवणारी गावं. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं शिकायला पुण्याला नेली. त्या पिढीतले लोक आज भेटतात तेव्हा त्याबद्दल फार बोलत नाहीत. फक्त कुठे पूर आला, दरड कोसळली की यांचा फोन सगळ्यात आधी येतो.

आभार नुसते मानून भागत नाहीत, हे मला इथल्या बायकांकडे बघून कळलं. पुनर्वसनात घर कसं बांधतात, पाया आणि भिंतीतले आडवे पट्टे कशासाठी, गवंड्याला काय विचारायचं हे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या बायका शिकल्या आणि इतरांना सांगत फिरल्या. 2001 साली कच्छ हादरलं तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडे गेल्या. भाषा वेगळी, प्रांत वेगळा. पण घर पडलेल्या बाईशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.